सेरांदाचे नवे अध्यक्ष

कासू, ता. पेण
१२ जानेवारी २०२५

निकेश,

वर काय लिहायचं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. आपण बोललो त्याला तीन वर्षं पाच महिने झाले.

सेरांदातल्या आपल्या दूतावासातून सुरभी मॅडमचा परवा फोन आला. म्हणाल्या, आता महिन्याला एक पत्र तुला तुरुंगात पोचवता येईल, पण आधी इंग्रजीत करून तिथल्या साहेबांना दाखवावं लागेल. इंग्रजी त्या स्वतःच करणार. नागपूरच्या आहेत. म्हणजे मॅडम, हे आधी तुमच्या नजरेखालून जाणार हे मला ठाऊक आहे. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. सातवीनंतर मिठागरावर गेलो आणि हातात फावडंच राहिलं.

आई बरी आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पेणला. पट्टी सोडून घरी आणलं तर आधी भिंतीवरच्या तुझ्या फोटोपाशी गेली. म्हणाली, "याला मिशी हाय व्हय? मना दिसलीच नव्हती."

तुमचं जहाज पकडलं त्याला मार्चमध्ये वर्ष होईल. कप्तानाने भर समुद्रात परवान्याशिवाय डिझेल घेतलं आणि तीन-तीन वर्षांची शिक्षा अकराही जणांना झाली, एवढं मला समजलं. तू खाली इंजिनात होतास. तुला वरचं काय माहीत असणार. तिथल्या अध्यक्षांनी आपल्या राजदूतांना सांगितलं होतं, एप्रिलपर्यंत सगळ्यांना घरी पाठवतो. आई दिवस मोजत होती. आणि आता ते निवडणूक हरले. नवे अध्यक्ष एक फेब्रुवारीला शपथ घेणार.

हे सगळं समजून घ्यायला मी गाडीने रोह्याला गेलो, तिथून वरश्याला. गोपाळकृष्ण साहेब आठवतात? आपल्या खालच्या शेताचे जुने मालक. दिल्लीत परराष्ट्र खात्यात पस्तीस वर्षं होते, आता वरश्यात फ्लॅट घेऊन राहिलेत. लहानपणी आम्ही दोघांनी खाडीत खेकडे धरलेत, म्हणून मला अजून अरेतुरे करतात. मी विचारलं, "साहेब, नवा अध्यक्ष आला म्हणून जुन्याचा शब्द जातो का?"

ते म्हणाले, "कागदावर होता का?"

म्हटलं, "नाही. तोंडी."

 त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी चहा आणला तेव्हा म्हणाले, "भारत आणि सेरांदा जुने मित्र आहेत, पुंडलिक. मैत्री पुसली जात नाही. पण माणसं बदलली की पुन्हा ओळख करून द्यावी लागते. वेळ लागेल."

आई विचारते, जहाज पकडायच्या आधी इतक्या दिवसांत तू एकदाही फोन का केला नाहीस. मी सांगितलं, समुद्रात रेंज नसते.

जेवतोस ना?

तुझा बाप,
पुंडलिक

कासू
९ फेब्रुवारी

निकेश,

शपथविधी साहेबांच्या कॉम्प्युटरवर पाहिला. नवे अध्यक्ष माझ्यापेक्षा लहान दिसतात, पन्नाशीचे असतील. बायको आणि म्हातारी आई बाजूला. आपल्याकडून एक राज्यमंत्री गेले होते. मला वाटलं बरं झालं, आपलं माणूस आहे तिथे. साहेब मात्र पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "तिसरी रांग."

"म्हणजे?"

"मागच्या शपथविधीला आपल्याला पहिल्या रांगेत बसवलं होतं."

अनसूयाबाई म्हणाल्या, "यांना आयुष्यभर नुसत्या रांगाच दिसल्या. पोहे घ्या तुम्ही."

 भाषणात अध्यक्ष म्हणाले की मित्रदेशांशी केलेले सगळे जुने करार आम्ही पुन्हा वाचणार. साहेबांनी मला त्याचं मराठी करून सांगितलं आणि लगेच म्हणाले, असं सगळेच नवे म्हणतात, घाबरू नकोस. पण चेहरा तसा नव्हता. मॅडम, तुम्हीही फोनवर हेच म्हणालात आणि तुमचाही आवाज तसा नव्हता.

तू गेलास त्या दिवसाचं मागच्या पत्रात लिहायचं टाळलं. आज लिहितो. उधाणाने बांध फुटला होता. खारं पाणी भातात शिरत होतं आणि गाव कमरेएवढ्या चिखलात उभं होतं. तुला रात्रीपर्यंत मुंबईला पोचायचं होतं, जहाज थांबणार नव्हतं. हे तू मला तीन वेळा सांगितलंस. मी गावासमोर तुझ्या थोबाडीत दिली आणि म्हटलं, आज गेलास तर परत येऊ नको.

बांध दोन दिवसांनी बांधून झाला. तू नव्हतास म्हणून काही अडलं नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. सांगायला इतके दिवस लागले.

भात दोन वर्षं नीट आलं नाही. या वर्षी बरं आलं.

पुंडलिक

कासू
१६ मार्च

निकेश,

बातम्या चांगल्या नाहीत. आपल्या राजदूतांनी अध्यक्षांची भेट मागितली त्याला तीन आठवडे झाले, अजून वेळ दिलेली नाही. तिथलं मोठं इस्पितळ आपल्या सरकारने बांधून दिलंय, त्यातल्या आपल्या तंत्रज्ञांचा करार त्यांनी वाढवला नाही. माणसं परत यायला लागली. अध्यक्ष पहिल्या परदेश दौऱ्यावर दिल्लीला न येता दुसरीकडे जाणार असंही छापून आलंय. साहेब म्हणतात, नवा माणूस पहिला कुणाच्या दारात जातो यावरून सगळं जग त्याला वाचतं. मॅडमनी सांगितलं की पत्रांची परवानगीसुद्धा कदाचित काढून घेतील. हे शेवटचं पत्र असू शकेल.

म्हणून आता खरं लिहितो. मॅडम, इंग्रजी करताना काही गाळू नका.

तू फोन करत होतास. मला माहीत होतं. तू गेलास त्याच आठवड्यात मी पेणच्या मोबाईलवाल्याकडून आईच्या फोनमध्ये तुझा नंबर ब्लॉक करून घेतला. माझ्याही फोनमध्ये. तू शेजारच्या अनिताकडे दोनदा फोन केलास, तर मी तिला दरडावलं की पुन्हा त्याचं नाव आमच्या दारात काढू नको. तुझी आई वाट बघायची. सणाला फोन उशाशी घेऊन बसायची. मी बघायचो आणि गप्प राहायचो. पहिले दोन महिने रागाने. नंतर राग गेला होता, पण तोवर सांगायची लाज वाटायला लागली. मग जहाज पकडल्याचं कळलं. तेव्हा तर तोंडच राहिलं नाही.

समुद्रात रेंज नसते, हे मीच रचलेलं.

काल दुपारी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मला वाटलं ओरडेल, ताट फेकेल. काही नाही. तांदूळ निवडून झाले, भात टाकला, मला वाढलं. मी जेवलो. मग तिने पिशवीत दोन लुगडी भरली. मी म्हटलं, "कुठं निघालीस गो?"

म्हणाली, "नागोठण्याला. भावाकडं."

"किती दिवस?"

ती उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, "तीन वर्सं मी पोराला मनातल्या मनात शिव्या दिल्या. आईला इसरला म्हणून. आता त्या कशा परत घेऊ, तुमी सांगा मना."

 ती स्टेशनाकडे चालत गेली. मी मागून थोडं गेलो आणि परत आलो.

माफ कर असं लिहीत नाही. तो तुझा प्रश्न आहे. तुझी आई तुला विसरली नव्हती आणि तूही तिला विसरला नव्हतास, एवढं कुठेतरी कागदावर राहू दे.

पुंडलिक

कासू
२० एप्रिल

निकेश,

तुझं पत्र आलं. अकरा ओळी. किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तू लिहिलंयस, "आईला लगेच हे पत्र दाखवा, मग माझ्याशी बोला." म्हणून पुढच्याच गाडीने नागोठण्याला गेलो. तुझा कमळाकरमामा दारातच उभा. म्हणाला, "भाऊजी, ती भेटायची नाय तुम्हाला." मी म्हटलं, मला नको भेटू दे, हे पत्र तरी दे. आणि पायरीवर बसून राहिलो. आतून तिचा आवाज येत होता. अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचत होती. "आई, मी दर रविवारी फोन लावायचो" इथपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा तेच वाक्य वाचलं. असं चार वेळा.

मग बाहेर आली ती पिशवी घेऊनच. म्हणाली, "चला. पोराला उत्तर लिवायचा हाय." गाडीत माझ्याशी बोलली नाही. कासूला उतरल्यावर म्हणाली, "मी तुमाला माफ केलेला नाय. पर तुमी नसाल तर लिवणार कोण?" आता घरात आहे. बोलते, पण मोजकं. मला ते पुरतं.

आता दुसरं. हवा पालटतेय. आपले तंत्रज्ञ निघून आल्यावर त्या इस्पितळातली डायलिसिसची यंत्रं बंद पडायला लागली. लोक रांगा लावून परत जायचे. शेवटी अध्यक्षांनी स्वतः दिल्लीला निरोप धाडला. साहेब मला म्हणाले, "आता बघ. आपण अडवून धरतो का ते बघ." मी म्हटलं, अडवावंच. आमची पोरं सोडा, मग माणसं देतो, असं म्हणावं. साहेब रागावले. "रुग्णाच्या जिवावर सौदा करायचा? मग मित्र आणि सावकार यांत फरक काय?" आपल्या सरकारने चार दिवसांत माणसं परत पाठवली. काही न मागता. मला तेव्हा पटलं नव्हतं. तुमच्या बदल्यात मी काय वाट्टेल ते मागितलं असतं.

पण त्यानंतर आठवड्याने राजदूतांना भेट मिळाली. अध्यक्षांनी विचारलं, तुमचं काही काम? राजदूतांनी दुसरं काही न काढता तुमची अकरा नावं पुढे ठेवली. मॅडम, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी फोन कानाला तसाच धरून रडत होतो. तुम्हाला वाटलं लाइन तुटली.

आता प्रत्येक घरातून अध्यक्षांना एक पानाचा अर्ज हवाय. साहेब म्हणाले, मी चांगल्या इंग्रजीत लिहून देतो. आई मला म्हणाली, नको, तुमी लिवा, तुमच्याच शब्दात. मी लिहिलं ते असं:

"साहेब, आमच्याकडे सोयऱ्याच्या घरचा कारभार नव्या माणसाच्या हाती गेला की आम्ही जाऊन बसतो. जुन्याने काय ठरवलं होतं ते पुन्हा एकदा बोलून घेतो. नव्याला ते पाळायचं बंधन नसतं. तो पाळतो ते त्याच्या मनाने, म्हणून त्याचं मोल जास्त. तुमच्या आधीच्या अध्यक्षांनी आमच्या अकरा मुलांबद्दल शब्द दिला होता. मी तो मागायला आलेलो नाही. तुमचा नवा शब्द मागायला आलोय. माझा मुलगा इंजिनात काम करतो. त्याच्या आईने त्याला साडेतीन वर्षं पाहिलेलं नाही. त्यातली पहिली अडीच वर्षं माझ्यामुळे गेली, तुमच्या देशामुळे नाही. तेवढी मला भरून देता येणार नाहीत. पुढची तुमच्या हातात आहेत."

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "पुंडलिक, पस्तीस वर्षांत असा मसुदा मला एकदाही जमला नाही." आणि एक स्वल्पविरामसुद्धा न बदलता पाठवलं.

आई सांगते ते खाली लिहितो: मिशी काढ. तुला शोभत नाय.

पुंडलिक

कासू
२९ जून

निकेश,

अध्यक्ष दिल्लीला आले. पहिलाच दौरा, दुसरीकडे नाही. टीव्हीवर सगळं पाहिलं, घोडेस्वार, पायघड्या, दोघांनी हात मिळवले ते. संध्याकाळी बातमी आली की सद्भावना म्हणून अकरांपैकी पाच खलाशी ताबडतोब सोडले. उरलेल्या सहा जणांचं कैदी हस्तांतराच्या करारावर सही झाल्यावर, तेव्हा राहिलेली शिक्षाही माफ होणार. नावं वाचली. तुझं नव्हतं.

आई उठली आणि मागल्या दारी जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

मी त्या रात्री तुझ्यावर, अध्यक्षांवर, साहेबांवर, सगळ्यांवर चिडलो. सकाळी साहेबांना फोन करून नको ते बोललो. ते शांतपणे ऐकत राहिले. नंतर मीच ठेवला.

काल दुपारी दारात रिक्षा थांबली. पन्नाशी उलटलेला माणूस, एका पायाला जाड पट्टी, हातात काठी. म्हणाला, "निकेशचे वडील ना? मी हर्षद. दापोलीचा. जहाजावर स्वयंपाकी होतो."

पाचांतला एक. घरी जायच्या आधी मुंबईहून आपल्याकडे आला होता, निकेश. त्या पायाने.

आईने पाणी दिलं. तो प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, पाचवं नाव तुमच्या मुलाचं होतं. सर्वांत लहान म्हणून घातलं होतं. मला साखर, पायाची जखम भरेना. तुरुंगातला डॉक्टर म्हणाला होता, पाय जाईल. निकेशने सुरभी मॅडमला बोलावून घेतलं आणि सांगितलं, माझं खोडा, हर्षदकाकांचं घाला. मॅडम म्हणाल्या, करार झाला नाही तर? तर म्हणाला, माझे पाय शाबूत आहेत, मी थांबू शकतो."

मॅडम, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत. त्यानेच सांगू नका म्हटलं असणार.

 मला आधी रागच आला, खोटं कशाला लिहू. परक्या माणसासाठी आईला अजून वाट बघायला लावतोस? आई मात्र खाली बसली, हर्षदच्या पायाची पट्टी नीट बघितली आणि विचारलं, "वास येतोय. आज बदलली का?" मग गरम पाणी आणून स्वतः धुतला पाय. तो नको नको म्हणत होता. ती म्हणाली, "गप ऱ्हा. माझ्या पोराने पाठवलाय तुला."

जाताना हर्षद मला म्हणाला, "तुमची पत्रं आम्ही अकराही जण ऐकायचो. निकेश मोठ्याने वाचायचा. ते मार्चचं पत्र वाचलं तेव्हा कुणी जेवलं नाही. नंतर आम्ही रोज विचारायचो, वहिनी परत आल्या का? एप्रिलचं आलं तेव्हा टाळ्या वाजवल्या आम्ही. पहारेकरी धावत आला."

म्हणजे आमच्या घरातलं सगळं तिथे ठाऊक आहे. निदान पहारेकऱ्याला तरी सांगायचं नव्हतंस.

साहेबांकडे जाऊन माफी मागून आलो. अनसूयाबाई म्हणाल्या, "यांच्यावर दिल्लीत मंत्री ओरडायचे. तुमचं काय मनावर घेतात."

राग गेला, निकेश. तू बरोबर केलंस. पुढच्या यादीत मात्र कुणाला पुढे जाऊ देऊ नको.

पुंडलिक

कासू
१२ ऑक्टोबर

निकेश,

हे पत्र मॅडमकडे जाणार नाही. टपालातही नाही. तू मागल्या दारी आईला कोळंबी सोलून देतोयस, मला इथून तुझी पाठ दिसतेय.

करारावर ऑगस्टमध्ये सह्या झाल्या, राहिलेली शिक्षा माफ झाली आणि तुम्ही सहाजण आलात त्याला आज नऊ दिवस झाले. विमानतळावर तुझी आई तुला धरून उभी राहिली आणि मी म्हणालो, "बॅग दे." पानंच्या पानं लिहिली मी तुला, आणि समोर आलास तर दोन शब्द. नऊ दिवसांत आपण काय बोललो? जेवलास का, पंखा लावू का, भरती कधी आहे. तूही तसाच. दोघं कागदावर बरे.

काल सकाळी स्वयंपाकघरात तू आईला विचारत होतास ते मी ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं, पण ऐकलं. दुसऱ्या कंपनीचं जहाज आहे, कागदपत्रं साहेबांनी स्वतः तपासलीत, डिसेंबरात निघायचं आहे. म्हणालास, "बाबांना कोण सांगेल? ते पुन्हा बोलायचं बंद करतील."

आई म्हणाली, "तूच सांग. मी मधी पडणार नाय."

काल तू दिवसभर माझ्या आसपास फिरलास. दोनदा ओटीवर आलास, बसलास, उठलास. मला कळत होतं. सोपं करून द्यायला हवं होतं मी. नाही जमलं.

तेव्हा लिहितो. जा. रागाने म्हणत नाही. तिथे तुरुंगात राहून आलास आणि तरी तुला पुन्हा समुद्रच हवा आहे, म्हणजे ते तुझं काम आहे, जसं मीठ माझं. मुंबईला सोडायला मी येणार. आईलाही आणतो, तिला एवढं मोठं जहाज बघायचंय असं ती म्हणत नाही पण बघायचंय.

तू आठ वर्षं शिकलास, राबलास, इंजिनातला माणूस झालास आणि त्यातलं मी तुला काहीही विचारलं नाही. हर्षदला विचारलं मी, तुला नाही. तो म्हणाला, खाली इतका आवाज असतो की माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, आणि गरम इतकं की पाणी पिऊन पोट दुखतं. आम्ही भर उन्हात मिठात उभे राहतो, म्हणून मला वाटायचं तू गारव्याला पळालास.

हे तुझ्या शर्टाच्या खिशात ठेवतोय, खुंटीवरच्या. कोळंबी झाली की हात धुऊन घालशील तेव्हा सापडेल. मी ओटीवर बसलोय. वाचून झालं की ये.

काही बोलू नकोस माफीचं वगैरे. मला एवढंच सांग, खालून इंजिन धडधडत असताना आणि चारी बाजूंना नुसतं पाणी असताना, तुला झोप कशी लागते रे?

बाबा